ग्रीसचा किनारा निवडताना पाठीमागची शेतं पाहा

ग्रीसला सुट्टीवर जायचं ठरलं की आपल्याकडे बहुतेकांचा बेत एकाच साच्यातून निघतो. अथेन्सला दोन रात्री, मिकोनॉसला दोन, सँटोरिनीला दोन-तीन, की परतीचं विमान. किनारा फोटोवरून ठरतो, हॉटेल दरावरून ठरतं आणि जेवणाचा विचार सगळ्यात शेवटी, तोही काळजीच्या सुरात होतो: तिथे आपल्याला खायला काय मिळणार? मग बॅगेत ठेपले, खाकरे, पोह्यांची पाकिटं जातात. माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा आहे. ग्रीसमध्ये कुठे पोहायचं आणि कुठे जेवायचं हे दोन वेगळे निर्णय नाहीत. ज्या किनाऱ्याच्या पाठीशी पिकती जमीन आहे आणि जिथे माणसं बारा महिने राहतात, तिथे समुद्रही मनासारखा मिळतो आणि जेवणही. शाकाहारी माणसाला तर हे अधिकच लागू पडतं. आठ-दहा दिवस हाताशी असतील, तर तीन बेटं पालथी घालण्यापेक्षा असा एकच किनारा धरून राहावं. हे का, याचं कारण समुद्रातच आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

ग्रीसचं पाणी इतकं निळं आणि नितळ दिसतं, कारण ते पोषणाच्या दृष्टीने गरीब आहे. पूर्व भूमध्य समुद्र हा जगातल्या सर्वांत कमी पोषक द्रव्यांच्या समुद्रांपैकी एक. पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून पाणी आरपार दिसतं. आपला अरबी समुद्र याच्या अगदी उलट. मोसमी वाऱ्यांमुळे खालचं सुपीक पाणी वर येतं, कोकणातल्या नद्या डोंगरांची माती घेऊन येतात, पाणी गढूळ होतं, आणि त्याच पाण्यावर बांगडा, तारली, कोळंबी पोसली जाते. दुसरा फरक भरती-ओहोटीचा. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्याने ग्रीसच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी दिवसाकाठी फारतर वीतभर वरखाली होते. गुहागर-दापोलीला वेळापत्रक पाहून पाण्यात उतरण्याची सवय असलेल्यांना ही मोठी सोय आहे. सकाळी अंथरलेला टॉवेल संध्याकाळीही पाण्यापासून तेवढ्याच अंतरावर असतो. लाटा उठतात त्या वाऱ्याने. पण जपायचं ते वेगळ्या गोष्टीला. गोट्यांच्या किनाऱ्यांवर चार पावलांत खोली वाढते, आणि खडकांवर काळे काटेरी समुद्री अर्चिन चिकटलेले असतात. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट प्रत्येकासाठी घ्या.

नितळ पाण्याची किंमत ताटात मोजावी लागते. मासा कमी, आणि मागणी प्रचंड. २०२४ साली सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या या देशात साडेतीन कोटींहून अधिक परदेशी प्रवासी आले. त्यामुळे टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, बर्फावर मांडलेला समुद्रातला मोठा मासा, फाग्री किंवा सिनाग्रिदा, किलोला साठ-सत्तर युरो सहज पडतो. परवडेल अशा दरात दिसणारे त्सिपूरा आणि लावराकी हे मासे बहुतेक ठिकाणी समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेले असतात. ग्रीस हा त्यांचा युरोपातला आघाडीचा उत्पादक आहे. ते वाईट असतात असं मुळीच नाही, पण ‘आज सकाळी पकडलेला’ म्हणून त्यांचे पैसे मोजू नयेत. ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी पुष्कळदा परदेशांतून गोठवून येते. नियमाप्रमाणे मेन्यूकार्डावर गोठवलेल्या पदार्थापुढे तशी खूण असते, बहुधा एक तारका, आणि तिचा अर्थ तळाशी बारीक अक्षरांत दिलेला असतो. ती ओळ वाचायची सवय लावून घ्या.

मग मासे खाणाऱ्याने काय खावं? ग्रीक माणसं स्वतः खातात ते, म्हणजे लहान मासे. गाव्रोस, सारदेला, मारिदा, आथेरिना. गाव्रोस हा आपल्या मांदेलीच्याच कुळातला, आणि सारदेला म्हणजे तारलीची जवळची नातेवाईक. पिठात घोळवून, ऑलिव्ह तेलात कडक तळून, डोक्या-शेपटीसकट खायचे; बरोबर लिंबाची फोड आणि उकडलेला पाला. बशीभर मासे दहा युरोंच्या आसपास मिळतात, आणि ते ताजेच असावे लागतात, कारण लहान मासा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. मसाला मात्र नसतो. मीठ, तेल, लिंबू, फारतर ओरेगानो. रव्यात घोळवलेल्या सुरमईच्या अपेक्षेने बसलात तर पहिला घास फिका लागेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माशाची स्वतःची गोडी कळायला लागते. मोठा मासा घ्यायचाच असेल तर रीत अशी: टेबलावर बसून ऑर्डर देऊ नका. उठून काचेच्या कपाटापाशी जा, मासा दाखवायला सांगा. डोळा फुगीर आणि चमकदार हवा, कल्ला उघडल्यावर लाल दिसला पाहिजे. मग तुमच्यासमोर वजन करून घ्या आणि एकूण किती युरो होतील ते शिजवण्याआधी विचारा. यात कोणाला अपमान वाटत नाही, तिथली गिऱ्हाइकं हेच करतात. चौघांत मिळून एक किलोचा मासा आणि बाकी भाज्या, हे प्रमाण खिशालाही झेपतं.

आता मुख्य मुद्दा. जिथे समुद्र हात आखडता घेतो, तिथली माणसं पोट कशावर भरत आली? जमिनीवर. ग्रीक किनाऱ्यावरचं रोजचं जेवण हे डाळी, शेंगा, भाज्या, रानातला पाला, पाव आणि ऑलिव्ह तेल यांचं आहे. या जेवणाचा कणा म्हणजे लादेरा, तेलात आणि टोमॅटोच्या रसात मंद शिजवलेल्या भाज्या. फासोलाकिया म्हणजे फरसबी, बामिएस म्हणजे आपली भेंडी, ब्रियाम म्हणजे वांगी, बटाटे, झुकिनी एकत्र भाजलेली, यिगांतेस म्हणजे मोठाले पांढरे घेवडे भट्टीत शिजवलेले. सकाळी अकराच्या सुमारास गावातल्या जुन्या टॅव्हर्नात डोकावलं तर भट्टीतून निघालेले पत्र्याचे चौकोनी ट्रे ओळीने मांडलेले दिसतात. घेवड्यांची वरची साल कडेने करपून तडकलेली असते, टोमॅटोचा रस आटून कडांना चिकटलेला असतो आणि त्यावर तेलाचा केशरी थर स्थिर झालेला असतो. हे पदार्थ गरमागरम खायचेच नसतात. तासा-दोन तासांनी, कोमट झाल्यावर त्यांत चव मुरते. वाफाळतं जेवण म्हणजेच ताजं, अशी आपली समजूत असते. इथे ती बाजूला ठेवावी लागते. तेलही भरपूर असतं, आणि ते पावाने टिपून खायचं असतं.

शाकाहारी वाचकांची भीती इथे पुष्कळशी मिटते, आणि त्यामागे धर्माचंही कारण आहे. ऑर्थोडॉक्स पंथात उपासाचे दिवस पुष्कळ. ईस्टरआधीचे कित्येक आठवडे, ख्रिसमसआधीचे चाळीस दिवस, आणि ऐन सुट्टीच्या हंगामात १ ते १४ ऑगस्ट. या काळात मांस, अंडी, दूध-चीज आणि बहुतेक दिवशी मासेही वर्ज्य. शिंपले-कोळंबी मात्र चालतात, हे लक्षात ठेवायला हवं. शतकानुशतकांच्या या नेमामुळे मांसाविना आणि दुधाविना पोटभर जेवण रांधण्याची कला घरोघरी आहे. म्हणून ‘व्हेजिटेरियन’ म्हणून वाद घालण्यापेक्षा ‘निस्तीसिमो’, म्हणजे उपासाचं, आणि ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी’, म्हणजे मांस नको, मासा नको, असं म्हटलं की स्वयंपाकघरातलं कोणीही नेमकं समजतं. फावा ही पिवळ्या डाळीची घट्ट आमटीसारखी लुसलुशीत पेस्ट, होर्ता हा लिंबू-तेलातला उकडलेला पाला, येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, मेलिझानोसालाता म्हणजे भाजलेल्या वांग्याचं भरीत, आणि चण्यांची रेविथादा. पाच-सहा दिवस एकही पदार्थ दुसऱ्यांदा न घेता जेवता येतं.

तरीही काही जागा जपायच्या आहेत, आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. येमिस्ता आणि द्राक्षाच्या पानांच्या दोल्मादेस या दोन्हींत कधी भाताबरोबर खिमा असतो, म्हणून दर वेळी विचारा. मुसाका आणि पास्तित्सिओ यांत खिमा ठरलेलाच. झुकिनीच्या वड्यांत अंडं आणि चीज असतं, पालकाच्या आणि चीजच्या पायमध्ये बहुधा अंडं असतं. तळणीचं तेल माशांसाठी आणि भाज्यांसाठी एकच असू शकतं. फेटासारखी पारंपरिक चीज बनवताना वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ऑलिव्ह, डाळी आणि भाज्यांवर राहावं. जैन वाचकांना मात्र खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. कांदा-लसूण लादेराच्या पायातच आहे. अशांनी स्वयंपाकघर असलेली खोली भाड्याने घ्यावी आणि आठवडी बाजारातून भाजी आणावी, हाच खरा उपाय. इथेही पाठीशी शेती असलेला किनाराच कामाला येतो, कारण बाजार तिथेच भरतो.

किनारा निवडायचा तो या कसोटीवर. ग्रीसच्या पश्चिम अंगाला पाऊस भरपूर पडतो. कोर्फूला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर. एजियन समुद्रातल्या सायक्लाडीज बेटांवर, म्हणजे मिकोनॉस-सँटोरिनीच्या टापूत, त्याच्या निम्माही पडत नाही. ही बेटं सुंदर आहेत, पण कोरडी आहेत. हजारोंच्या संख्येने येणाऱ्या पाहुण्यांसाठी भाजीपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत पुष्कळ काही जहाजाने येतं, आणि त्याचा खर्च बिलात उतरतो. यावर कोणी म्हणेल, सँटोरिनीची फावा, छोटे टोमॅटो, केपर यांचं काय? आक्षेप खरा आहे. ज्वालामुखीच्या राखेत, जवळजवळ पावसाविना पिकणाऱ्या या वस्तू चवीला अप्रतिम असतात, आणि वाऱ्यापासून वाचवण्यासाठी टोपलीसारख्या वळवलेल्या तिथल्या द्राक्षवेली पाहण्यासारख्या आहेत. पण पंधरा-सोळा हजार वस्तीच्या त्या बेटावर वर्षाला तीस लाखांहून अधिक माणसं येतात. तेवढ्या तोंडांना पुरेल इतकं ती जमीन पिकवूच शकत नाही. तिथल्या ज्वालामुखीच्या कड्यावरच्या टेबलावर तुम्हाला मिळेल तो टोमॅटो तिथलाच असेल, अशी खात्री बाळगू नका.

म्हणून माझी पहिली शिफारस मेसिनिया, पेलोपोनीजच्या नैऋत्य टोकाचा किनारा. कालामाता हे त्याचं मुख्य शहर, ज्याच्या नावाचे जांभळट ऑलिव्ह आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या दुकानांत बाटलीतून येतात. तेल ज्या कोरोनेइकी जातीच्या झाडांचं, ती कोरोनी या इथल्याच बंदराच्या नावाने ओळखली जाते. आणि युनेस्कोने २०१० साली भूमध्य आहारपद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ग्रीसच्या बाजूने प्रातिनिधिक समाज म्हणून निवडलं गेलं ते हेच कोरोनी. म्हणजे या आहाराचं ग्रीक माहेर शोधत जायचं तर पत्ता अधिकृतपणे लिहिलेला आहे. स्फेला हे खारट, कडकसर चीज याच भागाचं. मानी द्वीपकल्पाच्या बाजूला लालांगिया नावाचे तेलात तळलेले पिठाचे वेढे मिळतात, सकाळी मधाबरोबर किंवा चीजबरोबर. टोमॅटोत घोटलेली अंड्यांची कायानास ही इथली न्याहारी आपल्या अंडाभुर्जीला परकी वाटणार नाही.

किनारेही याच पट्ट्यात एकाहून एक आहेत. पायलोसजवळची वोइदोकिलिया ही पुळण जवळजवळ बंद होणाऱ्या, हातातल्या कड्याच्या आकाराची आहे. आतलं पाणी उथळ आणि शांत, एका टोकाला टेकडीवर जुना किल्ला, खाली गुहा, आणि मागे यालोव्हाचं खाजण, जिथे स्थलांतरित पक्षी उतरतात. तिथे दुकान नाही, छत्री नाही, सावली नाही. पाणी, टोपी आणि फळं घेऊनच जायचं आणि कचरा परत आणायचा. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर जागा तुमची. समोरच्या नावारिनोच्या उपसागरात १८२७ साली ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमाराने ऑटोमन-इजिप्शियन ताफा बुडवला आणि ग्रीसच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी झाली. त्या तीन नौसेनापतींच्या नावाचा चौक पायलोसमध्ये आहे. दक्षिणेला मेथोनीचा समुद्रात घुसलेला व्हेनिशियन किल्ला, त्याच्या पायाशी वाळूचा किनारा. पुढे फिनिकुंदा हे मच्छीमारांचं गाव, आणि कोरोनीच्या किल्ल्याखालची झागाची लांब पुळण. लहान मुलं बरोबर असतील तर पूर्वेकडचं स्तूपा सर्वांत सोयीचं. वाळू मऊ, उतार हळू, गाव चालण्याच्या अंतरात. तिथे समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे गार झरे फुटतात, त्यामुळे पोहताना मध्येच पाणी थंडगार लागतं. घाबरायचं कारण नाही. याच स्तूपाजवळ १९१७ साली लेखक निकोस काझांत्झाकिस आणि योर्गोस झोर्बास यांनी कोळशाची खाण चालवायचा प्रयत्न केला होता. काझांत्झाकिसच्या कादंबरीतल्या झोर्बाचा मूळ माणूस म्हणजे हा झोर्बास.

‘ग्रीसला जाऊन सँटोरिनी पाहायची नाही?’ हा प्रश्न घरातलं कोणीतरी विचारणारच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. समुद्रातून उभा राहिलेला ज्वालामुखीचा कडा आणि त्यावरची पांढरी गावं जगात दुसरीकडे नाहीत. पण ते दृश्य पाहण्याचं ठिकाण आहे, पोहण्याचं नव्हे. कड्यावरच्या गावांना पुळणच नाही, पुळणी पलीकडच्या अंगाला पेरिसा आणि कामारीला आहेत, वाळू काळी आणि दुपारी पाय भाजणारी. जायचं असेल तर एक-दोन रात्री जा, हंगामाच्या कडेला जा, आणि त्याला समुद्रकिनाऱ्याची सुट्टी समजू नका. पिरेयस बंदरातून साध्या बोटीने आठ तासांच्या आसपास लागतात, जलद बोटीने पाचेक. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर मेल्तेमी हा उत्तरेचा जोरदार वारा वाहतो. तो फार वाढला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात. तीन बेटांच्या बेतात एक बोट रद्द झाली की पुढची हॉटेलं, विमान, सगळं कोसळतं. क्रूझने जाणाऱ्यांनीही जाणून घ्यावं की जुलै २०२५ पासून ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनॉसला उतरण्यासाठी माणशी २० युरो कर लागू झाला आहे.

मेसिनिया जमणार नसेल तर याच कसोटीवर उतरणारे आणखी पर्याय आहेत. क्रीटचा नैऋत्य किनारा: हानियाहून डोंगर ओलांडून पालेओहोराला गेलं की एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला गोटे, आणि ताटात दाकोस, म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, ताजं चीज आणि तेल. एलाफोनिसीची गुलाबी झाक असलेली वाळू याच टोकाला. ती शिंपल्यांच्या चुऱ्याने गुलाबी झाली आहे, एक मूठसुद्धा घरी आणू नका. पेलियोनचा डोंगर: सफरचंद आणि चेस्टनटच्या बागा थेट समुद्रापर्यंत उतरतात, आणि पायथ्याच्या व्होलोस शहरात त्सिपुरो या मद्याच्या छोट्या बाटलीबरोबर दर वेळी नवी बशी येते. आणि सायक्लाडीजच हवं असेल तर नाक्सोस. त्या कोरड्या टापूतलं हे हिरवं बेट, बटाटे आणि ग्राव्हिएरा चीजसाठी प्रसिद्ध, प्लाकासारख्या लांब वाळूच्या पुळणी असलेलं.

कधी जायचं, हा प्रश्न मराठी कुटुंबाला शाळेच्या वेळापत्रकातून सोडवावा लागतो. मे महिन्यात हवा सुरेख, रानफुलं असतात, पण समुद्र १९ अंशांच्या आसपास, आपल्याला गारठवणारा. जूनचा पहिला पंधरवडा, म्हणजे आपल्याकडच्या शाळा सुरू होण्याआधीचे दिवस, सर्वांत चांगली तडजोड: पाणी २१-२२ अंश, गर्दी बेताची. शाळेचं बंधन नसेल तर सप्टेंबरची बरोबरी कशालाच नाही. उन्हाळाभर तापलेलं पाणी २४-२५ अंशांवर असतं, अंजिरं आणि द्राक्षं बाजारात असतात. गणपतीचं विसर्जन आटोपून निघालात तरी वेळ साधते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र किनाऱ्यावरच्या पुष्कळशा टॅव्हर्ना आणि खोल्या बंद झालेल्या असतात. तेव्हा कालामाता, हानिया अशा बारमाही शहरांतच मुक्काम करावा. ऑगस्टचा मधला आठवडा पूर्ण टाळा. १५ ऑगस्टला मेरीचा मोठा सण असतो, आणि अवघा ग्रीस समुद्रावर उतरलेला असतो.

दिवसाची आखणी तिथल्या माणसांसारखी केली तर ऊन आणि भूक दोन्ही सांभाळली जातात. सकाळी फुर्नोसमधून, म्हणजे बेकरीतून, गरम पाय आणि तिळाचं कुलुरी घ्यायचं, आणि नऊ ते बारा पाण्यात. एकच्या पुढे समुद्र सोडून गावात यायचं आणि दोनच्या सुमारास दिवसाचं मुख्य जेवण करायचं. लादेराचे ट्रे तेव्हाच भरलेले असतात, रात्री ते संपतात आणि उरतं ते भाजलेलं मांस. तीन ते साडेपाच गाव झोपतं, दुकानं मिटतात, मोठ्याने बोलणंही खपत नाही. वामकुक्षीची सवय असलेल्यांना हे सांगायला नको. संध्याकाळी सहाला पुन्हा पाण्यात, आणि रात्री नऊनंतर हलकं काही. सात वाजता जेवायला गेलात तर टॅव्हर्ना उघडी असेल, पण तिथे फक्त प्रवासी दिसतील.

किनाऱ्यावरच्या हक्कांविषयीही जाणून असावं. ग्रीसमध्ये समुद्रकाठ सार्वजनिक आहे, कोणालाही तिथे टॉवेल टाकून बसता येतं. छत्र्या आणि खुर्च्यांनी किनारे गिळले जात होते, म्हणून २०२३ साली पारोस बेटावर लोकांनी आंदोलन केलं आणि ते देशभर पसरलं. पुढच्या वर्षी नवा कायदा आला. पाण्यापासून चार मीटरपर्यंत खुर्च्या मांडायच्या नाहीत, भाड्याच्या जागेचा निम्मा भाग मोकळा ठेवायचा, आणि काही किनाऱ्यांवर खुर्च्याच नकोत. तेव्हा कोणी हटकलं तर मुकाट्याने पैसे काढू नका, मोकळी जागा कुठे आहे ते विचारा. उलट बाजूने आपलंही कर्तव्य आहे. मेसिनियाच्या उत्तरेला किपारिसियाच्या किनाऱ्यावर आणि झाकिंथोसच्या लागानासला उन्हाळ्यात समुद्री कासवं अंडी घालतात. तिथे रात्री वाळूवर जाऊ नका, दिवे लावू नका, खुणेच्या काठ्या हलवू नका. झाकिंथोसचा बुडालेल्या जहाजाचा प्रसिद्ध नावाइओ किनारा २०२२ मध्ये दरड कोसळल्यानंतर उतरण्यासाठी बंद झाला. त्याच्या फोटोवर भुलून बेत आखू नका. उन्हाळ्यात वणव्यांचा धोका असतो. फोनवर ११२ या आपत्कालीन क्रमांकाकडून सूचना आली तर ती पाळा, सामानासाठी थांबू नका.

गाडी चालवता येत नसेल तर हे सगळं जमेल का, हा रास्त आक्षेप आहे. अथेन्सहून कालामाता सुमारे अडीचशे किलोमीटर, चांगला महामार्ग, केटीईएलची बस तीनेक तासांत पोहोचवते, आणि पुढे पायलोस, कोरोनी, स्तूपाला बस आहेत. फेऱ्या थोड्या असतात, म्हणून एकाच गावात मुक्काम ठोकावा आणि वोइदोकिलियासारख्या ठिकाणी टॅक्सीने जावं. गाडी घेतलीत तर फिरणं फार सोपं होतं, पण भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, गाडी उजव्या बाजूने चालवायची असते, आणि मानीकडचे रस्ते वळणांचे आहेत. लंडन किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना उन्हाळ्यात थेट कालामाताला उतरणारी विमानं मिळतात, त्यांना अथेन्सचा फेरा पडत नाही. खर्चात दोन गोष्टी धरून ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबर हॉटेलच्या खोलीवर दर रात्री वेगळा कर असतो, दोन युरोंपासून पंचतारांकित ठिकाणी १५ युरोंपर्यंत, आणि तो बुकिंगच्या रकमेत नसू शकतो. टॅव्हर्नात न मागता आलेल्या पावाचे थोडे पैसे बिलात धरतात. नको असेल तर लगेच परत करा. बिल छापील मागा. पावती दिली नाही तर पैसे देण्याचं बंधन नाही, अशी पाटीच दुकानांत लावलेली असते.

शेवटी व्हिसा. ग्रीस शेंगेनमध्ये आहे, प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनमध्ये जायचं असेल तर जानेवारीतच अर्जाची तारीख मिळवा, आणि खोली घ्याल ती एकाच गावात, किमान पाच रात्रींसाठी घ्या.